पाच माडांच्या खाली

द्वारकाकाकींना गावात नायकाकी म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या अंतरावरून सगळेच म्हणत. कारण काही मागायला आलेल्या माणसाचं वाक्य पुरं व्हायच्या आत काकी "नाय" म्हणून मोकळ्या होत आणि मग त्याला काय हवं होतं ते शांतपणे ऐकून घेत. शेजारणीने शिडी मागितली, नाय. थोड्या वेळाने काकी स्वतःच शिडी खांद्यावर टाकून तिच्या अंगणात हजर. "आदी नाय म्हणूचा," त्या मला समजावत, "मगे हो म्हणूक कोण अडवता? पण एकदा हो म्हटलास काय नाय म्हणूक जीभ उठना नाय."

मीही त्यातून सुटले नव्हते. घाटावरून बदली होऊन त्या गावच्या शाळेत आले, तेव्हा त्यांच्या पडवीतली खोली भाड्याने मिळेल असं कुणीतरी सांगितलं. मी तोंड उघडलं, त्या "नाय" म्हणाल्या. मी ट्रंक उचलून वळले, तर मागून हाक आली, "खंय चल्लंस गो? ट्रंक ठेव. पेज जेवलंस?" त्या खोलीत पुढे माझी काही वर्षं गेली. माझ्या हातच्या आमटीतल्या शेंगदाण्याच्या कुटाला त्यांनी मरेपर्यंत माफी दिली नाही. "माशाक शेंगदाणे लावणारी जात तुमची," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ओळख करून देताना सांगत.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं अजून एकमेकांशी भांडायला उठतील. तारकर्लीजवळ समुद्राला मिळणाऱ्या खाडीने होडीतून वर वळलं की उजव्या हाताला ते लागतं. तेव्हा तो सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत होता. गावाच्या दोन वाड्या. वरच्या वाडीत शेतीवाले, देवळाचे मानकरी, मुंबईत पोरं असलेली घरं. खालच्या वाडीत, पार खाडीच्या तोंडाशी मांडवीवर, म्हणजे धक्क्याजवळच्या वाळूत, होड्या आणि जाळी असलेले लोक. शाळा वरच्या वाडीत, त्यामुळे मी आपोआप वरची झाले.

काकी पंचायतीत कशा आल्या ती एक गंमतच होती. ग्रामपंचायती नव्याने उभ्या राहत होत्या आणि पंचायतीत बाई हवी असं वरून सांगणं आलं. आमच्या पंचांनी फार विचार करून द्वारकाकाकींचं नाव काढलं. विचार असा, की विधवा बाई, मूलबाळ नाही, मुंबईचे पुतणे गणपतीलाच काय ते येणार, ही कोपऱ्यात बसेल, चहा घेईल आणि घरी जाईल. पहिल्या बैठकीत काकींनी चहाला नाय म्हटलं आणि बोलायला सुरुवात केली. बैठका माझ्या शाळेच्या वर्गात भरत. मी बाजूच्या खोलीत पाट्या आवरत असे, त्यामुळे गावचा कारभार मला बसल्या जागी ऐकू यायचा.

त्यांचा विषय एकच होता, खाडीचं पाणी. त्या लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात खाडी चढली होती. घाटात मुसळधार पाऊस आणि समुद्राला उधाण असं दोन्ही एकदम जमून आलं की खाडीचं पाणी समुद्रात उतरायला तयार नसतं, मग ते माणसांच्या घरात येतं. त्या वेळी खालच्या अंगाची घरं गेली, गुरं गेली. पाणी ओसरल्यावर काटक्या, गवत, मोडकी भांडी यांची एक लांबलचक रांग चिखलात राहिली होती, आणि ती बरोबर पाच माडांच्या बुंध्यांशी थांबली होती. काकींच्या सासऱ्यांनी त्या माडांवर कोयत्याने खुणा केल्या. सासरे गेले, काकींचे यजमान गेले, पण दर वैशाखात काकी चुन्याची बादली आणि नारळाच्या सोडणाचा कुंचा घेऊन निघत आणि पाचही माडांच्या कमरेला पांढरे पट्टे ओढून येत. हातात यजमानांची काळी छत्री, तिची एक काडी मोडलेली. ती छत्री उन्हापावसासाठी कमी आणि लोकांच्या जमिनीत खुपसून बघायला जास्त उपयोगी पडे.

पंचायतीत त्यांनी ठराव आणला, पाच माडांच्या खाली, खाडीकडच्या अंगाला, घर बांधायचं नाही. सरपंच जरा कायदा वाचलेले. त्यांनी विचारलं, घर म्हणजे काय ते लिहावं लागेल. गोठा हे घर का, गवताची खोप हे घर का? काकींनी क्षणभरही विचार केला नाही.

"जंय चूल पेटता आणि तुळशीक पाणी घालतत, ता घर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हा सगळ्यांना ती व्याख्या फार आवडली. मी तर पाट्या पुसता पुसता थांबून ऐकली. तिच्यातच पुढचं सगळं दडलेलं होतं हे कुणाच्या ध्यानात यावं?

काकी त्या ठरावाला बोलाच्या कढीसारखं ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. मुंबईला गिरणीत चांगल्या जागेवर असलेला अनंता म्हणून एक होता. त्याची वडिलार्जित जागा माडांच्या खाली होती आणि त्याला खाडीकडे तोंड करून मंगलोरी कौलांचं घर बांधायचं होतं, कारण मुंबईत त्याच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या चाळीचे संडास दिसत. पाया खणून झाला तेव्हा काकी छत्री घेऊन आल्या, चरात उतरल्या आणि खाली बसल्या. ऊन होतं म्हणून छत्री उघडली.

"काकीनू, जागा माझी आसा," अनंता काकुळतीला येऊन म्हणाला.

"जागा तुझी. पाणी कोणाचा?"

"जोतो उंच घेतंय. पुरुषभर उंच घेतंय."

"तुझो जोतो उंच झालो काय पाणी बाजूच्या मळ्यात शिरतला. त्येंका खंय उंच करतलंस?"

दुपारी त्याच्या बायकोने काकींना चरातच पेज नेऊन दिली. काकींनी लोणच्याची स्तुती केली आणि बसून राहिल्या. संध्याकाळी अनंताने गडी बोलावून चर बुजवला, तेव्हा काकी शेवटच्या बाजूने वर आल्या. महिन्याभरात अनंताला देवळाच्या मागे उंचावर जागा मिळाली, त्याच्या चुलत्याचीच होती. वरच्या वाडीतल्या माणसाला वर जागा मिळायला कधी अडचण येत नसे. ही गोष्ट मी तेव्हा हसत हसत घाटावर घरी सांगितली होती, आणि आई-वडीलही खूप हसले होते.

आता मथुराबाईंकडे यायला हवं. आल्याशिवाय सुटका नाही.

मथुराबाई खालच्या वाडीतल्या, काकींच्याच वयाच्या. काकी नवी नवरी होऊन आल्या तेव्हापासून मासळीची टोपली आधी काकींच्या दारात उतरायची. गावात कुणी थट्टा करायचं, द्वारकेत आणि मथुरेत सकाळी जुंपली म्हणजे दिवस उजाडला समजावं.

"हे बांगडे आजचे?" काकी विचारत.

"नाय, तुमच्या लग्नातले."

"डोळे बघ त्येंचे. माझ्यापेक्षा म्हातारे दिसतत."

"तुमी वयनीनू डोळे खावचे नाय, माशे खावचे."

असं बराच वेळ चाले. भाव ठरायचा तो शेवटी कालचाच. मग टोपली पुन्हा डोक्यावर चढवण्याआधी दोघी गप्पा मारत. काकी पडवीत पाटावर आणि मथुराबाई अंगणाच्या खालच्या पायरीवर. इतकी वर्षं त्या दोघींच्या बसण्याच्या जागा बदलल्या नव्हत्या.

एकदा आषाढातला पाऊस अचानक कोसळला. मथुराबाई पायरीवर भिजत होत्या, डोक्यावरच्या इरल्यातून धारा लागल्या होत्या. मी नवीन होते, घाटावरची होते, मला राहवलं नाही. "वर या ना मथुराबाई, भिजताय," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, काकींकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नको बाई. पाय मातयेन भरले आसत." त्या मुलखात पहिल्या बोलावण्याला कुणी वर येत नाही, नको म्हणायचं असतं, मग घरच्या बाईने दुसऱ्यांदा म्हणायचं असतं, मग यायचं असतं. घरची बाई टोपलीतले बांगडे उलटेपालटे करत होती. तिने मान वर केली नाही.

मथुराबाईंचा मुलगा पांडू, सून सखू आणि दोन नातवंडं. नातवंडं माझ्या शाळेत होती. मांडवीवरची त्यांची खोपटी समुद्र दर पावसाळ्यात थोडी थोडी खात होता. एका सकाळी भाव ठरल्यावर मथुराबाई उठल्या नाहीत.

"वयनीनू, एक मागूक इलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या भरडार एक कोपरो देवा. इकत देवा, फुकट नको. मांडवीर आता पाय ठेवूक जागा ऱ्हवाक नाय."

भरड म्हणजे गावाच्या डोक्यावरची काकींची कोरडी, उंच जमीन. चार काजूची झाडं, करवंदीची जाळी आणि बाकी नुसतं गवत. एरवी तिच्यावर गुराशिवाय कुणाचं पाऊल पडत नसे; दसऱ्याला तेवढी देवाची तरंगं, म्हणजे लुगडी नेसवलेले देवाचे उंच खांब, तिथून मिरवत जात.

"नाय," काकी म्हणाल्या. ते नेहमीचंच होतं. नेहमीसारखं नंतर ऐकून घेणं मात्र झालं नाही. "थंयसून देवाची वाट जाता. दसऱ्याक तरंगा थंयसून भायर पडतत. देवाच्या वाटेर तू म्हावरा सुकत घालतलंस?"

"म्हावरा खालीच सुकवतलंव. वयर फकत ऱ्हवतलंव."

"नाय म्हटलंय मां."

मथुराबाईंनी टोपली उचलली. संध्याकाळी ही गोष्ट बाळा घाडीच्या कानावर गेली. घाडी म्हणजे देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणारा माणूस. तो बिचारा सरळ मनाने काकींकडे आला. "देवाची वाट म्हणतास, तर देवाकच इचारूया," तो म्हणाला. "उद्यां कौल लावतंय."

कौल त्या गावात कशालाही लागे. देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची पडली तर देवाची परवानगी, डावीकडची पडली तर नाही. लग्न जमवायचं असो, हरवलेली म्हैस शोधायची असो, देवाला विचारलं जाई. काकींनी स्वतः गोठ्याचं दार कुठल्या बाजूला ठेवायचं यासाठीही कौल लावला होता. त्या दिवशी मात्र त्या घाडीला म्हणाल्या, "इतक्या बारक्या गोष्टीक देवाक कित्याक उठवतंस?" घाडी चहा पिऊन गेला. मला ते जरा नवल वाटलं, पण मी तपासायच्या वह्या घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून मथुराबाईंनी घासाघीस करणं सोडलं. टोपली पहिल्यासारखीच आधी आमच्या दारात उतरे. काकी म्हणत, "हे आजचे?" मथुराबाई म्हणत, "होय." काकी मुद्दाम अर्ध्या भावाने मागत, आणि मथुराबाई तेवढ्याला देऊन टाकत. रागावल्या असत्या तर काकींनी त्यांना शिव्या घालून मोकळं केलं असतं, पण ज्याने भांडणच सोडलं त्याचं काय करायचं? काकींचं जेवण कमी झालं. छत्री घेऊन त्या उगाच पाच माडांपर्यंत जाऊन येऊ लागल्या.

मग एका बैठकीत काकींनी स्वतः विषय काढला. पांडूला जाळी ठेवायला पाच माडांच्या खाली, खाडीलगतच्या खाजणात मांगर बांधू द्यावा. मांगर म्हणजे शेतावरची किंवा पाण्याकाठची साधी आडोशाची झोपडी. ते खाजण खाऱ्या पाण्याचं, कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं, गावकीचं होतं. सरपंच गोंधळले. पाच माडांच्या खाली आणि काकी हो म्हणताहेत? काकी म्हणाल्या, "मांगर म्हणजे घर न्हय. चूल मांडूची नाय. तुळस लावची नाय. ठरावाक खंय धक्को लागता?"

खरंच कुठे लागत नव्हता. ठराव एकमताने झाला.

त्या दिवशी काकींचा चेहरा पाहण्यासारखा होता. रात्रभर ठणकणारा दात एकदाचा पडल्यावर माणूस दिसतं तशा त्या दिसत होत्या. दुसऱ्या सकाळी मथुराबाईंनी ताज्या बांगड्यांचा वाटा केळीच्या पानात बांधून आणला आणि पैशाला हात लावला नाही. "आता लोक माका काय म्हणतले गो बाई?" काकींनी मला विचारलं. "नायकाकी म्हणूची सोय ऱ्हवाक नाय." ते बांगडे आम्ही दोघींनी खाल्ले. फार चवदार होते, असं आठवतं, आणि ते आठवणं नको वाटतं.

मांगराचं पुढे काय झालं हे सगळ्या गावाने उघड्या डोळ्यांनी पाहिलं. आधी जाळी आली. मग मांडवीवरची खोपटी एका पावसात बसली आणि जाळ्यांबरोबर माणसं झोपायला आली. चूल मांडायची नव्हती, म्हणून सखूने बाहेर तीन दगड ठेवले. पाऊस आला म्हणून दगड वळचणीखाली आले. वारा आला म्हणून आत आले. मातीच्या भिंती उभ्या राहिल्या. तुळस मात्र तिने जमिनीत लावली नाही. रॉकेलच्या रिकाम्या डब्यात लावली आणि तो डबा वाशाला टांगला.

वैशाखात काकी चुना घेऊन निघाल्या तेव्हा मी बरोबर होते. पाचव्या माडाला पट्टा ओढून त्या वळल्या. खाली मांगरातून धूर येत होता. सखूने दारातून हसून हात केला. काकी जराशा थांबल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "डब्यातल्या तुळशीन घर होणा नाय."

"नाही होत," मी म्हटलं. आम्ही वर आलो.

त्यानंतरच्या भाद्रपदात, गणपती जाऊन थोडे दिवस झाले असताना, खाडी चढली. घाटात पाऊस थांबत नव्हता आणि खाली पौर्णिमेचं उधाण होतं. सकाळची शाळा भरली होती. पाणी खाजणात शिरलं असं ओरडत कुणीतरी आलं, आणि त्याच्या मागोमाग सखू धावत शाळेत आली. पोरं माझ्यापाशी सुखरूप होती. पांडू होडीच्या कामाला मालवणात गेला होता. "सासू कुठे?" मी विचारलं. सखूला धाप लागली होती. "म्हणाली, तू फुडे हो. जाळी आढ्याक बांधून येतंय."

जाळी म्हणजे त्यांचं सगळंच होतं. ती सोडून मथुराबाई कशा येतील? गावची माणसं दोर आणि होडी घेऊन गेली, पण तोवर मातीच्या भिंती विरघळून छप्पर खाली बसलं होतं. दुपारी मथुराबाईंना बाहेर काढून पाचव्या माडापाशी आणून ठेवलं. काकी तिथे उभ्या होत्या. हातात छत्री होती आणि ती उघडलेली नव्हती. मथुराबाईंचे पाय धुतल्यासारखे स्वच्छ झाले होते. मला दुसरीकडे बघवेना आणि तिथेही बघवेना.

पाणी माडांच्या बुंध्यांना लागून थांबलं. वरच्या एकाही घराला ओल आली नाही. अनंताने तर मुंबईहून नारळ फोडण्यासाठी पैसे पाठवले. माणसं काकींना भेटायला येऊ लागली. "काकीनू, तुमची रेघ खरी झाली. तुमच्यामुळे वाचलंव," असं हात जोडून म्हणू लागली. काकी म्हणत, "गप ऱ्हवा." लोकांना तो त्यांचा विनय वाटे.

सरपंच समजूत घालायला आले. त्यांनी ठरावाची आठवण दिली. चूल मांडायची नाही असं स्पष्ट ठरलं होतं. त्यांनी मांडली, त्याला पंचायत काय करणार? काकींनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, "पाण्यान चूल इचारल्यान? तुळस इचारल्यान?" सरपंच उठून गेले.

दिवसकार्य झाल्यावर काकींनी घाडीला बोलावलं. भरडाचा कौल लाव म्हणाल्या. देवळात पाच-सहा माणसंच होती. घाडीने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घालायला घेतलं, "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरा तुझ्या वाटेर..." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवीकडची पाकळी पडली. इतक्या लवकर कौल झालेला मी कधी पाहिला नव्हता. माणसं खूश झाली. घाडी प्रसाद वाटू लागला. काकी भिंतीला टेकून खाली बसल्या.

त्यांना घरी आणताना देवळाच्या पायऱ्यांवर त्या थांबल्या आणि माझा हात घट्ट धरून बोलल्या. तेवढं एकदाच बोलल्या.

"माका ठावक होता बाई. देव नाय म्हणणारो नाय, ह्या माका तेव्हाच ठावक होता. म्हणानच इचारूक नाय. देवान हो म्हटल्यान असता तर भरड देवची लागली असती. तिची सून माझ्या इहिरीर पाणी भरूक इली असती, ती माका नको होती. मांगराक हो म्हणताना माझा काय जाय होता? जमीन गावाची, पाणी खाडीचा. फुकटचो हो म्हटलंय मी."

मी काहीतरी समजुतीचं बोलले असेन. काय बोलले ते आठवत नाही, कारण त्याला काही अर्थ नव्हता.

भरडाचा कोपरा पांडूला मिळाला. त्याने घेतला. आभार मानले नाहीत आणि शिव्याही दिल्या नाहीत. जमीन नीट पाहून, छत्रीशिवाय काय ते कळणाऱ्या माणसासारखा, वाऱ्याचा अंदाज घेऊन त्याने जोतं घातलं. अंगणात सखूने तुळस जमिनीत लावली. पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला देवाची तरंगं त्या घरावरून गेली, दारात सखूने ओवाळलं. देव एका क्षणाचाही खोळंबला नाही.

काकी पंचायतीत परत आल्या त्या नवा ठराव घेऊन. पाच माडांच्या खाली घर नाही, मांगर नाही, खोप नाही. आणि खाली नाही म्हणणाऱ्याने आधी वर जागा दाखवायची. "नाय म्हणणाऱ्यान जागा दाखवची," हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं, की शाळेतली पोरं खेळात म्हणू लागली. पण वर जागा असलेले सगळे पंचच होते. खालच्या वाडीतलं एकेक कुटुंब उंचावर जागा मागायला येई आणि काकी प्रत्येक पंचाच्या दारात जाऊन त्याच्या पडीक जमिनीत छत्री खुपसत. पहिल्या अर्ध्या ठरावाबद्दल त्यांना हात जोडणारी माणसं दुसऱ्या अर्ध्याबद्दल त्यांना टाळू लागली. पुढच्या खेपेला पंचायतीत दुसरी बाई घेतली, फार शांत स्वभावाची. काकींनी भांडण केलं नाही. चुन्याचं काम मात्र कुणाला दिलं नाही.

दारात आता टोपली उतरत नव्हती. सखू मासे विकायला इतर दारांत जाई, आमच्या दारावरून खाली मान घालून पुढे जाई. एक-दोन महिने काकी पेज नुसत्या लोणच्याशी जेवल्या. मग एका सकाळी छत्री घेऊन निघाल्या, आणि तासाभराने केळीच्या पानात मासळी घेऊन आल्या. त्यानंतर रोज जात. गुडघे दुखत होते, भरडाचा चढ उभा होता. मी म्हटलं, मी आणून देते. त्या म्हणाल्या, "नाय." आणि या खेपेला त्यापुढे काही नव्हतं.

माझी बदली झाली तेव्हा वैशाखच होता. एस.टी. भरडाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याला थांबायची. काकींचा निरोप घ्यावा म्हणून उठले तर त्या घरी नव्हत्या, मासे आणायला गेल्या होत्या. ट्रंक गड्याच्या डोक्यावर देऊन मी चढ चढले आणि पांडूच्या घराशी आले.

काकी अंगणाच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. छत्री बाजूला आडवी. सखू वर पडवीत टोपली घेऊन होती. त्या दोघींत भाव होत नव्हता, गप्पाही होत नव्हत्या. सखू एकेक मासा पानावर ठेवत होती. ऊन चढलं होतं आणि काकींच्या डोक्यावर सावली नव्हती. सखूने हात थांबवला. तिला मी आलेली दिसले की नाही कोण जाणे.

"काकीनू, वयर येवा," ती म्हणाली. "उनात बसल्यात."

मला वाटतं, हे तिने पहिल्यांदाच म्हटलं असावं. काकींच्या पाठीवरून ते कळत होतं.

"नको गो," काकी म्हणाल्या. "पाय मातयेन भरले आसत."

महिनोन्‌महिने पाऊस नव्हता. भरडावर चिखल सोडा, ओलसुद्धा नव्हती. मी रस्त्यावरच उभी राहिले. माझी गाडी येताना खालच्या वळणावर आवाज देत होती. सखूने हातातला मासा पानावर ठेवला, आणि मग ती दुसऱ्यांदा म्हणाली.

"येवा म्हणतंय मां."

काकींनी लुगड्याचा काठ ओढून पाय झाकून घेतले. मान वर केली नाही. पानावरचे बांगडे त्या उलटेपालटे करत राहिल्या.